‘डेटा उडाला’ म्हणायच्या आधी तो एरर एकदा वाचा की ओ

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

एप्रिल लागला की आपल्या सांगलीत दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात आणि त्याच वेळेला सगळ्या फर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन आर्थिक वर्ष ओपन करायचं असतं. मी यार्डातल्या आणि कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या काही फर्मचं ईआरपीचं (धंद्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि डेटाबेसचं (त्याच्या खालचं नोंदींचं कोठार) काम बघतो, त्यामुळं या दिवसात माझा फोन काय खाली राहत नाही. आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब डेटा उडाला". काय आलंय स्क्रीनवर विचारलं तर "कायतरी इंग्लिशमध्ये आलंय, ओके केलं". आता ओके केलं म्हणजे संपलं, जे वाचायचं होतं तेच गेलं. तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं रोज येतात, लाईट बिलावर, रस्त्यावर, ऊसबिलावर, पण यावर कुणी लिहिलेलं काय मी बघितलं नाही आणि नुकसान तर दरवर्षी होतंय, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

तर स्क्रीनवर आलेलं ते इंग्लिश बहुतेक वेळा एकच असतं, ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ आणि पुढं कोट्समध्ये एक नाव. नंबर २०८. हा मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा एरर झाला, आपल्याकडच्या बऱ्याच बिलिंग आणि ईआरपी पॅकेजच्या खाली तोच असतो. ओरॅकल नावाचा दुसरा डेटाबेस असेल तर ओआरए-००९४२, ‘टेबल ऑर व्ह्यू डज नॉट एक्झिस्ट’ (टेबल म्हणजे नोंदींचा तक्ता, व्ह्यू म्हणजे त्या तक्त्यांतून हवं तेवढंच दाखवणारी ठेवलेली मांडणी). पोस्टग्रेस असेल तर ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’, मायएसक्यूएलमध्ये ११४६. भाषा वेगवेगळी पण म्हणणं एकच, की सॉफ्टवेअरनं एका नावानं काहीतरी मागितलं आणि ज्या ठिकाणी मागितलं त्या ठिकाणी ते मिळालं नाही. डेटा उडाला असं यात कुठंच लिहिलेलं नाही. घराला कुलूप दिसलं म्हणून आतला माणूस वारला असं कुणी ठरवत नाही, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण रोज ठरवतो.

आणि मग काय होतं, घाबरून सपोर्टला फोन. तिकडचा पोरगा एनीडेस्कवर (लांबून आपला कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) येतो, त्याच्या मागं अजून धा कस्टमर रांगेत असतात, तो म्हणतो कालचा बॅकअप रिस्टोअर करू. हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. कारण रिस्टोअर म्हणजे आत्ता जे चालू आहे ते पुसून त्यावर कालचं बसवणं, सकाळपासून टाकलेल्या पावत्या, वजनं, पेमेंट सगळं गेलं. आणि एवढं करूनही ती वस्तू जर कालच्या बॅकअपमध्येही नव्हतीच, तर एरर परत तोच येणार. मग म्हणायचं सर्व्हर फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकू, व्हायरस असणार. अरे पण व्हायरस एवढा शहाणा कुठला की बाकी सगळं सोडून नेमका हमालीचा रिपोर्ट तेवढा खाऊन जाईल.

हमालीचा रिपोर्ट उगीच नाही म्हटलं, यार्डातल्या एका अडत दुकानातलाच किस्सा आहे, नाव सांगत नाही. एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळी सौदे झालेले, माल वजन होऊन गेलेला, जत भागातला एक शेतकरी पट्टीसाठी (मालाच्या पैशाचा आणि खर्चाचा हिशोबाचा कागद) बाकड्यावर बसलेला आणि दिवाणजी प्रिंट दिला की एरर. इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम, पुढं ‘डीबीओ.व्ह्यू_पट्टी_खर्च’. बाकी सगळं चालू होतं, पावती होत होती, खातं दिसत होतं, फक्त पट्टी येत नव्हती. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टनं फोनवर सांगितलं की आमच्या पॅकेजमध्ये या नावाचं काही नाहीच, तुमचा डेटाबेस करप्ट झाला असणार, रिस्टोअर करा. मालक तयार पण झालेले. मी म्हटलं शेट, हात लावू नका, येतो.

आता त्या पोराचं अर्ध बरोबर होतं बघा, त्यांच्या पॅकेजमध्ये ते नव्हतंच. मागं कधीतरी त्यांच्याच एका माणसानं दुकानात येऊन हमाली, तोलाई पट्टीवर वेगळी दिसावी म्हणून एक व्ह्यू बनवून दिला होता, तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला आणि व्ह्यूची नोंद कुठंच नाही. या पॅकेजमध्ये दरवर्षी नवीन डेटाबेस तयार होतो, हळद_२४२५ गेलं की हळद_२५२६. नवा डेटाबेस कंपनीच्या कोऱ्या साच्यातून बनतो, त्यात कंपनीची टेबलं येतात, खात्यांची शिल्लक पुढं ओढली जाते, पण गिऱ्हाईकासाठी हातानं बनवलेलं काही येत नाही. म्हणून ३१ मार्चपर्यंत पट्टी येत होती आणि १ एप्रिलपासून बंद. आधी काय काय तपासलं म्हणाल तर फार काही नाही, मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर आतून बघायचं सॉफ्टवेअर) उघडला, जुन्या वर्षाच्या डेटाबेसमध्ये व्ह्यूच्या यादीत ते नाव आहे, नव्यात नाही, विषय संपला. राइट क्लिक, स्क्रिप्ट व्ह्यू अॅज, क्रिएट टू, आणि ते नव्या डेटाबेसवर चालवलं.

पट्टी काढली तर आता दुसरा एरर, २२९, सिलेक्ट परमिशन नाही. लोक इथं वैतागतात, पण खरं तर ही चांगली बातमी असते, म्हणजे वस्तू सापडली पण घ्यायचा हक्क नाही. प्रिंटिंगसाठी जो लॉगिन वापरतात त्याला त्या व्ह्यूवर ग्रँट द्यायचा राहिला होता. दिला. पट्टी आली, शेतकरी उठून उभा राहिला, मालकांनी चहा सांगितला. आणि दिवाणजींनी पट्टी हातात घेऊन चष्मा वर केला, म्हणाले, "हमाली जुन्या दरानं लागलीय ओ ही." त्यांच्या हातच्या वहीत नवा दर लिहिलेला होता. परत व्ह्यूच्या आत बघितलं तर आधीच्या माणसानं दराच्या टेबलाच्या आधी डेटाबेसचं पूर्ण नाव लिहून ठेवलेलं, हळद_२४२५. म्हणजे नव्या वर्षात बसून हा व्ह्यू जुन्या वर्षाचे दर वाचत होता. एरर नाही, काही नाही, सगळं हिरवं, आणि आकडा चुकीचा. दिवाणजींची नजर पडली नसती तर पूर्ण सीझन तसाच गेला असता आणि मग हमालांशी भांडण, शेतकऱ्याशी भांडण. ते डेटाबेसचं नाव तिथून काढलं तेव्हा खरं काम झालं. त्यामुळं आता मी एरर गेला म्हणून बॅग उचलत नाही, एक पट्टी हातानं गणित करून ताडून बघतो, मगच चहा.

प्रत्येक ठिकाणी कारण हेच असतं असं नाही. एकाच कॉम्प्युटरवर एरर येतोय आणि बाकी सगळीकडं चालतंय, तर सर्व्हरकडं बघूच नका. त्या मशीनवर जुना एक्सई (प्रोग्रॅमची फाईल) पडलेला असतो नाहीतर त्याची ओडीबीसी जोडणी (प्रोग्रॅम डेटाबेसला जोडायची सेटिंग) गेल्या वर्षाच्या डेटाबेसला लावलेली असते. यात एक गंमत आहे, ६४ बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीचे दोन वेगळे पॅनल असतात आणि ३२ बिटचा पॅनल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव सिसवाव६४, आणि ६४ बिटचा कुठं तर सिस्टिम३२ मध्ये. कुणी ठरवलं कुणास ठाऊक. माणूस एका पॅनलमध्ये सेटिंग बदलतो, सॉफ्टवेअर दुसऱ्यातलं वाचतं, आणि दोघंही शपथेवर सांगतात की मी बरोबर आहे.

सगळ्या मशीनवर एकदम आला तर विचारायचं की काल रात्री काय बदललं. "काहीच बदललं नाही" हे उत्तर धरायचंच नाही, अजून एकदा विचारायचं, मग निघतं की अपडेट टाकला होता. अपडेटला दोन भाग असतात, एक प्रोग्रॅम आणि दुसरा डेटाबेसवर चालवायची स्क्रिप्ट. प्रोग्रॅम नवा झाला, स्क्रिप्ट अर्ध्यात थांबली किंवा चालवलीच नाही, तर प्रोग्रॅम नव्या टेबलाचं नाव घेतो आणि टेबल अजून जन्मालाच आलेलं नसतं. ओडू नावाचं ईआरपी वापरणाऱ्यांकडं पण हेच, नवीन मॉड्यूलचा कोड फोल्डरमध्ये कॉपी केला पण मॉड्यूल अपडेट केलं नाही की पोस्टग्रेस ओरडणार, रिलेशन नाही, कॉलम नाही. एसएपी हे ईआरपी असलेल्या मोठ्या कारखान्यात सुद्धा टेबल एसएपीच्या डिक्शनरीत (टेबलांच्या आराखड्यात) आहे पण खाली डेटाबेसमध्ये तयारच झालेलं नाही असं होऊ शकतं, तिथं एसई१४ या स्क्रीनमध्ये जाऊन बघतात, पण त्यांच्याकडं बेसिसची (एसएपीची देखभाल करणारी) माणसं पगारावर असतात, आपलं पत्र छोट्या फर्मसाठी आहे.

सर्व्हर बदलला असेल तर वेगळी तऱ्हा. नव्या सर्व्हरवर लॉगिन बनवला, त्याचा डिफॉल्ट डेटाबेस मास्टर (सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस) राहिला, आणि प्रोग्रॅमच्या जोडणीत डेटाबेसचं नावच दिलेलं नाही, की सगळ्या क्वेरी (डेटाबेसकडच्या मागण्या) मास्टरमध्ये जाऊन धडकतात आणि तिथं तुमचं कुठलंच टेबल नसतं. हे ओळखायला अर्धा मिनिट लागतो, ‘सिलेक्ट डीबी_नेम()’ चालवायचं, आपण उभं कुठं आहोत ते कळतं. माझं तर म्हणणं आहे की एरर आल्यावर पहिला प्रश्न हाच, कुठल्या डेटाबेसमध्ये उभं आहे. मायएसक्यूएल विंडोजवरनं लिनक्सवर नेलं तर टेबलच्या नावातलं स्मॉल-कॅपिटल एकदम मोजायला लागतं, विंडोजवर चालत होतं ते लिनक्सवर नाही. पोस्टग्रेसमध्ये तर कोट न करता नाव लिहिलं की ते स्मॉलमध्ये धरतो, आणि बनवताना कुणी कोट करून कॅपिटल नावानं बनवलं असेल तर टेबल डोळ्यासमोर दिसतंय आणि सापडत नाही.

२०१९ च्या पुरानंतरचं पण एक सांगण्यासारखं आहे. कृष्णेचं पाणी दुकानात, ऑफिसात शिरलं, खालच्या मजल्यावरचे सर्व्हर गेले, ज्यांचा बॅकअप वरच्या मजल्यावर किंवा गावाबाहेर होता त्यांचं निभावलं असं आपण म्हणतो. पण एका ठिकाणी बॅकअप नीट रिस्टोअर होऊनही अर्धे रिपोर्ट बंद. कारण त्या सॉफ्टवेअरचे डेटाबेस दोन होते, एकात हिशोब आणि दुसऱ्यात वजनकाट्याच्या स्लिपा, आणि बॅकअप लावणाऱ्यानं फक्त मोठा तेवढा घेतलेला. हिशोबाच्या डेटाबेसमधली प्रोसिजर (आत साठवून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्या डेटाबेसचं नाव घेऊन हाक मारत होती आणि तो डेटाबेस पाण्याबरोबर गेलेला. यावेळी मात्र खरंच डेटा गेला होता. बॅकअप आहे का एवढं विचारून भागत नाही, तो रिकाम्या मशीनवर एकदा उभा करून सगळे रिपोर्ट काढून बघितलेत का ते विचारायला पाहिजे.

बरं हे एरर ऐन वेळेलाच का येतात, तर त्याला पण कारण आहे, नशीब नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजर बनवताना तिच्या आत लिहिलेलं टेबल नसलं तरी तो हरकत घेत नाही, बनवून ठेवतो. चालवाल तेव्हा शोधतो. त्यामुळं जो रिपोर्ट फक्त तिमाहीला नाहीतर ऑडिटला काढतात, त्याच्यातला घोटाळा तोपर्यंत झोपून राहतो आणि जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) ११ तारीख आली की उठतो. हे आधी शोधता येतं, सिस.एसक्यूएल_एक्सप्रेशन_डिपेन्डन्सीज म्हणून एक यादी आतच असते, त्यात ज्या नावांचा आयडी रिकामा दिसतो ती नावं एकेक करून बघायची. सगळीच चुकीची नसतात, दुसऱ्या डेटाबेसमधली टेबलं पण तशीच दिसतात, पण १० तारखेच्या रात्री कळण्यापेक्षा निवांत वेळी कळलेलं बरं.

ओरॅकलवाल्यांसाठी एवढंच, की ००९४२ आला म्हणजे टेबल नाहीच असं धरू नका, टेबल असतं पण तुमच्या युजरला बघायचा हक्क नसेल तरी ओरॅकल हेच सांगतो. ते मुद्दाम आहे, ज्याला हक्क नाही त्याला ती वस्तू आहे का नाही हे पण कळू नये म्हणून. बरीच वर्षं तर कुठलं टेबल ते नाव पण सांगत नव्हता, २३एआय व्हर्जनपासून मेसेजमध्ये नाव यायला लागलं.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. काही सपोर्टवाली पोरं, सगळी नाही, एरर घालवायला एक शॉर्टकट मारतात. ज्या नावाचं टेबल सापडत नाही त्याच नावाचं रिकामं टेबल बनवून टाकतात. एरर बंद, मालक खूश, कॉल क्लोज. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हे बघितलंय, विक्री परतीच्या क्रेडिट नोटांचं टेबल अपडेटमध्ये नाव बदलून दुसरीकडं गेलं होतं, जुना रिपोर्ट जुनं नाव मागत होता, कुणीतरी त्या नावाचं कोरं टेबल घालून दिलं. रिपोर्ट छान यायला लागला, फक्त त्यात क्रेडिट नोटा शून्य. रिटर्न तसंच भरलं, परत आलेल्या मालावर पण टॅक्स भरला गेला, आणि हे कळलं कधी तर वर्षाखेरीला सीएंच्या ऑफिसात खातं जुळेना तेव्हा. एरर दिसत होता तोपर्यंत निदान काहीतरी बिघडलंय हे कळत तरी होतं, तो बुजवून टाकला आणि चुकीचा आकडा सही-शिक्क्यानिशी बाहेर गेला. असं करणाऱ्याला मी सपोर्ट म्हणत नाही. त्यामुळं मालक मंडळींना हात जोडून सांगणं आहे, एरर गेला म्हणल्यावर "काय केलंत" हे विचारा, आणि लिहून मागा. आपण गाडी गॅरेजला टाकली तर कुठला पार्ट बदलला ते विचारतोच की, मग इथं का लाजायचं.

एएमसीच्या (वर्षाच्या देखभालीच्या कराराच्या) कागदावर पण दोन ओळी वाढवून घ्या. आमच्यासाठी जे काही वेगळं बनवलं, व्ह्यू, प्रोसिजर, टेबल, त्याची स्क्रिप्ट आणि यादी आमच्याकडं राहील, नवीन वर्ष ओपन करताना ती चालवून देणं तुमचं काम. हे म्हटलं की काही कंपन्या म्हणतात आमचं सिक्रेट आहे. पॅकेजचा सोर्स कोड मागत नाही ओ कुणी, आमच्या पैशानं आमच्या पट्टीसाठी बनवलेला चार ओळींचा व्ह्यू मागतोय. आणि एसए पासवर्ड (सर्व्हरवर सगळे हक्क असलेल्या लॉगिनचा) फक्त सपोर्टच्या पोराच्या डोक्यात असू नये, पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत पाहिजे, नाहीतर तो पोरगा पुण्याला गेला की तुम्ही तुमच्याच डेटाबेसच्या दाराबाहेर.

कंपन्यांना एक सांगणं आहे, तुमच्या प्रोग्रॅममध्ये खरा एरर झाकून ‘समथिंग वेंट राँग, कॉन्टॅक्ट अॅडमिनिस्ट्रेटर’ एवढंच दाखवायची फॅशन बंद करा. गिऱ्हाईकाला घाबरवायचं नाही हे कळतं, पण खाली बारीक अक्षरात नंबर आणि नाव तरी येऊ द्या, नाहीतर निदान लॉग फाईल कुठं आहे ते सांगा. दिवाणजींना अॅडमिनिस्ट्रेटर कोण ते माहीत नसतं, ते मलाच फोन करतात.

आणि व्यापारी, उद्योजकांच्या संघटनांनी मार्चमध्ये एक दुपार काढून दिवाणजी, अकाऊंटंट, बिलिंगच्या मुली यांना बोलवावं. प्रोग्रॅमिंग शिकवायचं नाही. ओके दाबायच्या आधी मोबाईलनं स्क्रीनचा पूर्ण फोटो काढायचा, कुणाकुणाच्या मशीनवर येतोय ते बघायचं, शेवटचं कधी चाललं होतं ते लिहायचं, आणि कुणीही रिस्टोअर म्हटलं तर आधी आत्ताचा बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. एवढं जमलं तर समोरच्याचं निम्मं काम झालं. आमच्या धंद्याला फटका बसेल म्हणाल तर बसू दे, रात्री अकराला फोन आले नाहीत तर मला चालतंय. कुणी बोलावलं तर मी फुकट यायला तयार आहे, फक्त हळदीच्या सीझनमध्ये नको.

पत्र लांबलंय, जागा कमी असली तर खुशाल कापा. ओरॅकल काढा, पोस्टग्रेस काढा, पण रिकाम्या टेबलाचं जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली